गव्हाणीतला देव

'नाताळ' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो कुठला आणि कसा आला हे विचारावेसे वाटत नाही. पाव, चावी, बटाटा, पगार या मंडळींबरोबर तोही पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्या किनाऱ्याला लागला आणि इथलाच होऊन गेला. मूळ पोर्तुगीज शब्द 'नाताल', आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला जन्मवाचक शब्द. म्हणजे नाताळचा अर्थ नुसता 'जन्माचा' एवढाच. कोणाच्या जन्माचा, हे सांगण्याची त्या शब्दाला गरजच वाटत नाही. इंग्रजीतला 'ख्रिसमस' निराळ्या अंगाने जातो. त्यात आहे ख्रिस्ताची 'मास', म्हणजे आपल्याकडचे कॅथलिक जिला मिस्सा म्हणतात ती उपासना. एका शब्दात बाळंतपण आहे, दुसऱ्यात प्रार्थना.

डिसेंबर लागला की शहरांत जो काही थाट सुरू होतो, त्यात यांपैकी एकही गोष्ट फारशी दिसत नाही. दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ, पगडीसारख्या ऐटीत घातलेल्या लाल टोप्या, केकच्या आगाऊ ऑर्डरी. माझ्या नातवंडांच्या शाळेत सांताक्लॉज येतो आणि चॉकलेटे वाटून जातो. याबद्दल कुरकुर करण्याचा माझा विचार नाही. ज्यांच्या गणपतीपुढे काय काय वाजते हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्यांनी दुसऱ्याच्या सणातल्या बाजारावर बोट ठेवू नये. पण एक प्रश्न मात्र मनात येतो. हे सगळे बाजूला केले, तर त्या रात्री नेमके काय घडले असे ख्रिस्ती माणूस मानतो? आपण मोठ्या आपुलकीने 'नाताळ म्हणजे ख्रिश्चनांची दिवाळी' असे म्हणून मोकळे होतो. फराळ आणि आकाशकंदील यांच्यापुरते ते ठीक आहे. परंतु चारशे वर्षांहून अधिक काळ ज्यांची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे, त्यांच्या घरातला फक्त केक आपल्याला माहीत असावा, हे काही शोभणारे नाही.

पहिली नवलाची गोष्ट ही की, आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना नाताळ ठाऊकच नव्हता. त्यांचा मोठा सण म्हणजे ईस्टर, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा. आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने आजही मोठा सण तोच आहे. येशूच्या चार चरित्रांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, दोनच जन्माची कथा सांगतात, मत्तयचे आणि लूकचे. मार्क एकदम तिशीतल्या येशूपासून सुरुवात करतो. योहान बाळाची गोष्टच सांगत नाही, तो थेट सृष्टीच्या आधीपासून बोलू लागतो. जन्माची तारीख कुणीच दिलेली नाही. २५ डिसेंबरला रोममध्ये हा सण होत असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे. तीच तारीख का, यावर पंडितांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, रोमन लोकांच्या अजिंक्य सूर्यदेवाच्या उत्सवाची जागा तिने घेतली. दुसरा म्हणतो, २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस आधी मानला गेला आणि त्यात नऊ महिने मिळवले. रशियातले ऑर्थोडॉक्स लोक जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला नाताळ करतात, आर्मेनियाचे चर्च ६ जानेवारीला. तिथीचा वाद आपल्याला नवा नाही, तेव्हा तो इथेच सोडू.

कथा सगळ्यांना माहीत आहे असे आपण समजतो, पण ती मुळातून वाचली की निराळीच दिसते. लूकच्या कथेची सुरुवात होते ती एका सरकारी हुकुमाने. रोमच्या बादशहाने खानेसुमारी काढली आणि ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे ठरले. नासरेथचा सुतार योसेफ आपल्या दिवस भरलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. परकी सत्ता, तिचा कागदी कारभार आणि त्यापायी अवघडलेल्या बाईची पायपीट. बेथलेहेममध्ये उतरायला जागा नव्हती, म्हणून मूल जन्मले तेव्हा ते गव्हाणीत ठेवले. बैल आणि गाढव आपण देखाव्यात नेहमी पाहतो, पण या दोन्ही शुभवर्तमानांत त्यांचा उल्लेख नाही. यशया संदेष्ट्याच्या एका वचनाच्या आधाराने ते पुढे येऊन उभे राहिले. पूर्वेकडचे ज्ञानी तीन होते असे मत्तय म्हणत नाही आणि ते राजे होते असेही म्हणत नाही. मात्र गव्हाण आहे. लूक तिचा उल्लेख तीनदा करतो. मेंढपाळांना खूण म्हणून देवदूत जे सांगतो तेही हेच: बाळ गव्हाणीत ठेवलेले दिसेल. मुकुट नाही, तेजोवलय नाही. खूण कोणती, तर जनावरांच्या वैरणीची जागा.

मराठी बायबलमध्ये 'गव्हाण' हा शब्द ज्याने घातला त्याला दाद द्यावीशी वाटते. युरोपातल्या शहरी वाचकाला गव्हाण चित्रातच पाहावी लागते. आपल्याकडे जुन्या शेतकरी घरात एका अंगाला माणसे आणि दुसऱ्या अंगाला जनावरे असत. शेणामुताचा, ओल्या कडब्याचा वास म्हणजे काय, हे आपल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या कुणालाही सांगावे लागले नसते. पॅलेस्टाइनमधली तेव्हाची घरेही पुष्कळशी अशीच असत, असे अभ्यासक म्हणतात.

आता मुद्द्याचे. एखाद्या थोर पुरुषाचा जन्म गरिबीत झाला, तर त्यात अपूर्व काही नाही. जगातले निम्मे थोर पुरुष गरिबीतच जन्मले. ख्रिस्ती माणूस त्या रात्रीपुढे गुडघे टेकतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्या श्रद्धेप्रमाणे त्या गव्हाणीत देवाने पाठवलेला कुणी माणूस नव्हता, स्वतः देवच होता. यालाच ते 'देहधारण' म्हणतात. नाताळ ही जयंती नाही. देहधारणाचा तो सण आहे.

हे वाटते तितके सोपे नाही आणि ख्रिस्ती लोकांनाही ते सोपे वाटले नव्हते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचे म्हणणे असे की, ख्रिस्त सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, पण तोही निर्माण केलेलाच. प्रत्यक्ष देव नव्हे. या वादाने सारे साम्राज्य ढवळून निघाले. कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२५ साली निकाया इथे धर्मसभा बोलावली आणि तिने निर्णय दिला की, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे मला हा वाद माझ्याच भाषेत कळतो. एरियसच्या मते काउंटरवर आला तो कुलमुखत्यार. सगळे अधिकारपत्र त्याच्या खिशात, सही त्याची चालते, पण तो मालक नव्हे. निकायाने सांगितले, मुखत्यार नाही, मालकच आला आहे, आणि तोही रांगेत उभा आहे. पुढे ४५१ साली कॅल्सिडनच्या सभेने दुसरी बाजूही पक्की केली: तो पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही. माणसाचे सोंग घेतलेला देव नव्हे. त्याला भूक लागते, तो रडतो, त्याला कुणी तरी उचलून घ्यावे लागते. २०२५ साली निकायाच्या सभेला १,७०० वर्षे झाली. कॅथलिक असोत वा ऑर्थोडॉक्स वा बहुतेक प्रोटेस्टंट, तिच्या या निर्णयावर आजही एकमत आहे. ज्यांचे इतर फारच थोड्या गोष्टींवर एकमत होते, त्यांच्याबाबतीत हे थोडे नव्हे.

इथे मराठी वाचक हमखास म्हणणार, 'म्हणजे आमचा अवतारच की!' म्हणायला हरकत नाही. कृष्णजन्माची आठवण तर पावलोपावली येते. मध्यरात्र, जुलमी राजा, त्याने चालवलेली बालहत्या, मुलाला घेऊन रातोरात परमुलखात पळून जाणे, सगळे आहे. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की साम्यापेक्षा फरकच बोलका वाटू लागतो. आपला अवतार युगायुगांत पुन्हा पुन्हा येतो. ख्रिस्ती माणसाच्या मते हे एकदाच घडले, त्याची पुनरावृत्ती नाही. अवतार दुष्टांचे निर्दालन करायला येतो आणि कंस शेवटी कृष्णाच्या हातूनच मरतो. हेरोद राजा मात्र ख्रिस्ताच्या हातून मरत नाही. तो बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुले मारतो आणि पुढे केव्हा तरी आपल्या मरणाने मरतो. बाळकृष्णाने तोंड उघडले तर यशोदेला त्यात विश्व दिसते. बाळ येशूने तोंड उघडले तर मरियेला फक्त दुधासाठी रडणारे मूल दिसले असणार. येशूच्या बालपणीच्या चमत्कारांच्या कथाही पुढे निघाल्या होत्या. चिखलाच्या चिमण्या करून त्याने त्या उडवून दिल्या, अशी एक मोठी गोड कथा आहे. पण चर्चने त्या कथा बायबलमध्ये घेतल्या नाहीत. नवलाई हवीशी वाटत असूनही त्या लोकांनी बाळाला बाळच राहू दिले, याचे मला कादंबरीकार म्हणून फार कौतुक वाटते. आपल्या पात्राला सामर्थ्य देण्याचा मोह आवरणे किती अवघड असते, हे लिहिणाऱ्यालाच कळते.

शिवाय अवतारकार्य संपले की अवतार निजधामाला जातो. ख्रिस्ती समजूत अशी की, देवाने देह घेतला तो टाकून देण्यासाठी नव्हे. क्रुसावर तोच देह मोडला आणि पुनरुत्थानात तोच उठला, जखमांच्या खुणांसकट. म्हणून गव्हाण आणि क्रूस त्यांच्या लेखी दोन प्रसंग नाहीत, एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. संत पौलाने आपल्या एका पत्रात हेच निराळ्या शब्दांत मांडले आहे. देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. 'रिते करणे' हा शब्द नाताळच्या झगमगाटात सर्वांत आधी हरवतो.

हे सगळे मराठीत सांगायचे कसे, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाला पडला होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि मरेपर्यंत तिकडेच राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल इथे छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, भाषा मराठी आणि लिपी रोमन. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा त्यांनी इथल्या पुराणाच्या घाटात बसवली. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही ते कचरले नाहीत. कुठला शब्द घ्यावा आणि कुठला घेतल्याने अर्थ निसटेल, याचा त्यांनी किती खल केला असेल! गोव्यातला तो काळ निर्मळ नव्हता. १५६० साली तिथे इन्क्विझिशन सुरू झाले होते, देवळे पाडली गेली होती, जबरदस्ती झाली होती. हे विसरून ख्रिस्तपुराण वाचता येत नाही. आणि ते वाचल्याशिवाय त्या काळाचा निवाडाही पुरा होत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट याच्या उलट दिशेची. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी प्रोटेस्टंट मंडळी नाताळात आजही पेटी-तबल्यावर टिळकांची गीते म्हणतात. तुकारामाच्या वाटेने आलेल्या माणसाला 'लहान होणाऱ्या' देवाचे आश्चर्य वाटले नसेल. विठ्ठल भक्तांसाठी राबतो, दळतो-कांडतो, हे आपल्या संतांनी आधीच सांगून ठेवले होते.

मी हे पुस्तकांतून वाचले ते पुष्कळ पुढे. त्याआधी पाहिले ते वसईत. १९८९ ते १९९३ अशी चार वर्षे मी वसईच्या किनारपट्टीतल्या एका शाखेत होतो. केळीच्या वाड्या, पानवेली, बावखले आणि घरोघर अस्सल मराठी बोलणारे कॅथलिक. बँकेत नवीन आलेला पुण्याकडचा माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारी, 'तुमची मातृभाषा कोणती?' ती माणसे हसून उत्तर देत. पण दर वेळी हसून उत्तर द्यावे लागणे हेही एक ओझेच असते. आपल्याच मुलखात पाहुण्यासारखे वागवले जाण्याचे ते ओझे आहे.

आमचे हेड कॅशियर त्याच भागातले. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे ते विलक्षण गंभीर असत. मला वाटे, सण तोंडावर आला, आता खरेदीची धांदल असणार. त्यांनी मला समजावून सांगितले की, हा आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार वाट पाहण्याचे. चर्चमध्ये वेदीवर आणि धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा रंग, पश्चात्तापाचा. फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी, कारण आनंद जवळ आला. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची. या काळात पापकबुली द्यायची, भांडण असेल त्याच्या घरी जायचे. 'साहेब, बाळ येणार म्हटल्यावर घर नुसते रंगवून चालत नाही,' असे ते म्हणाले होते.

त्यांच्या बोलावण्यावरून मी पहिल्यांदा मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलो. थंडी होती, उघड्यावर शेकडो माणसे उभी होती आणि सगळे मराठीत चालले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, हेच विधी लॅटिनमध्ये होत. कॅथलिकांच्या नाताळात मिस्सा एक नसते, तीन असतात: मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. मध्यरात्री जन्माची हकीगत वाचतात, पहाटे मेंढपाळांची. आणि दिवसाच्या मिस्सेत बाळ नाही, गोठा नाही. वाचतात ती योहानच्या शुभवर्तमानाची सुरुवात, ज्यात आरंभापासून देवाबरोबर असलेल्या शब्दाने देह घेतला असे सांगितले आहे. त्या रात्री मला सर्वांत लक्षात राहिली ती एक लहानशी गोष्ट. दर रविवारी सगळे उभे राहून श्रद्धेचा अंगीकार म्हणतात. देव मरियेच्या पोटी माणूस झाला, हे वाक्य आले की एरवी ते मान लववतात. नाताळला मात्र तिथे सगळे गुडघे टेकतात. शेकडो माणसे एकाच वेळी खाली झाली आणि उभा राहिलो तो मीच. मग वाक्य संपले आणि सगळे पुन्हा उठले. एवढेच. नाताळचा अर्थ कुणी एका कृतीत दाखव म्हटले तर मी हीच दाखवीन.

दोन वर्षांनी ऑक्टोबरात हेड कॅशियरच्या पत्नी वारल्या. आजार लांबला होता. डिसेंबरात मी आणि माझी पत्नी त्यांच्याकडे गेलो, ती समाचाराला गेल्यासारखीच. दारावर तारा नव्हता, घरात गोडधोड नव्हते. पण ओटीच्या कोपऱ्यात गोठा मांडलेला होता. दर वर्षी असे तेवढा मोठा नाही. वीतभर उंचीचा, पेंढ्याचा, दिव्याविना. गव्हाण रिकामीच होती, कारण बाळ ठेवायचे ते २४ च्या मध्यरात्री. माझी पत्नी त्याकडे पाहते आहे हे त्यांच्या ध्यानात आले. ते म्हणाले, "वहिनी, या वर्षी सण नाही आम्हाला. पण जन्म आहेच ना." मग बराच वेळ कुणी काही बोलले नाही. त्यांच्या धाकट्या मुलीने चहा आणला.

सण आणि जन्म यांत त्यांनी केलेला हा फरक मला पुढे अनेक ठिकाणी भेटला. हिटलरच्या विरोधात उभा राहिलेला जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर १९४३च्या डिसेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होता. त्याने आईवडिलांना लिहिले त्याचा आशय असा की, ज्यांच्या नाताळात सणाचे फक्त नाव उरले आहे, त्यांच्यापेक्षा इथल्या कोठड्यांमध्ये तो अधिक खरेपणाने साजरा होईल. उतारशाळेत जागा न मिळालेल्या ख्रिस्ताची गोष्ट कैद्याला लवकर कळते. १९४५च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिले.

आपल्याकडे ही गोष्ट ज्यांना सर्वांत लवकर कळायला हवी होती, ते नगर जिल्ह्यातले (२०२४ पासून अहिल्यानगर) खेड्यापाड्यांतले ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून तिथे काम केले आणि पुढे महार-मांग समाजांतली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. गावात जागा नाही म्हणून बाहेर जन्मलेला देव, आणि त्याची बातमी पहिल्यांदा कुणाला, तर रात्री उघड्यावर राखण करणाऱ्यांना. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला याचा अर्थ कुठल्या टीकाग्रंथातून शोधावा लागत नाही. पण देव बदलला म्हणून विहीर बदलली नाही. चर्चमध्येही जातीची बाके पुष्कळ काळ वेगळी राहिली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू दलितांना मिळाल्या, १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना त्या मिळालेल्या नाहीत. देवाने माणसाचा देह घेतला असे म्हणायचे आणि शेजारच्या देहाचा विटाळ मानायचा, हे दोन्ही एकदम कसे चालते, हा प्रश्न त्या समाजातलेच लोक आपल्या चर्चला विचारत आले आहेत. नाताळच्या प्रवचनातही तो विचारला जावा.

घरोघरच्या गोठ्याची चाल सांगितली जाते ती असीसीच्या संत फ्रान्सिसपासून. १२२३ सालच्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरी गव्हाण, खरा चारा, खरा बैल आणि खरे गाढव आणवले. बाळाच्या गैरसोयी आपल्याला डोळ्यांनी पाहायच्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी की, गव्हाणीत त्याने बाळाची मूर्ती ठेवली नव्हती. गव्हाणीवरच वेदी मांडून मिस्सा झाली. जनावरांच्या खाण्याच्या जागी माणसांसाठी भाकर आली. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थच मुळी 'भाकरीचे घर' असा आहे, आणि ख्रिस्ताने स्वतःला भाकरीच्या रूपात देणे हा तर कॅथलिक उपासनेचा गाभा. तेव्हा मिस्सेविना नाताळ, हे त्यांच्या दृष्टीने ताटाविना पंगत मांडण्यासारखे आहे.

साऱ्याच ख्रिस्ती लोकांना मात्र नाताळ पटला असे नाही. इंग्लंडात प्युरिटनांची सत्ता असताना १६४७ साली पार्लमेंटने तो बंदच केला. बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही, आणि लोक त्या निमित्ताने पितात, हे त्यांचे आक्षेप. दुसरा आक्षेप आजही कुणाला खोडता येणार नाही.

बेथलेहेममध्ये त्या जन्मस्थानावर चौथ्या शतकापासून चर्च उभे आहे. आजची इमारत मुख्यतः सहाव्या शतकातली. तिचा मोठा दरवाजा पुढे बुजवत बुजवत इतका लहान केला गेला की, तो आता जेमतेम चार फुटांचा आहे. घोड्यावरून कुणी आत घुसू नये म्हणून तो लहान केला असे सांगतात. कारण व्यवहाराचे, पण परिणाम असा की राजदूत असो वा यात्रेकरू, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. लहान मुले मात्र सरळ चालत जातात.

२०२३ साली गाझात युद्ध पेटले तेव्हा त्या गावात नाताळची रोषणाई झाली नाही. चौकात झाड उभारले नाही, मिरवणुका निघाल्या नाहीत. तिथल्या ल्यूथरन चर्चमध्ये गोठा मांडला तो सिमेंटच्या ढिगाऱ्याचा, आणि त्या ढिगाऱ्यात बाळ ठेवले. मध्यरात्रीची मिस्सा मात्र झाली. आमच्या हेड कॅशियरचे वाक्य मला तेव्हा आठवले.

आपण २५ तारखेला सण संपला असे समजतो. चर्चच्या पंचांगात तो तिथे सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी, २६ ला, स्मरण असते संत स्तेफनचे, दगडांनी ठेचून मारलेल्या पहिल्या हुतात्म्याचे. धर्मगुरूंच्या अंगावर त्या दिवशी लाल वस्त्र असते, रक्ताच्या रंगाचे. २८ ला पुन्हा लाल. त्या दिवशी हेरोदाने मारलेल्या मुलांची आठवण करतात. ख्रिस्ताचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा त्या तान्ह्यांना चर्च हुतात्मेच मानते. योसेफ मरियेला आणि बाळाला घेऊन रातोरात मिसरच्या वाटेला लागतो, ते याच वाचनात येते. वसईच्या घरांतला गोठा तेव्हा अजून काढलेला नसतो. तो ६ जानेवारीपर्यंत, पूर्वेचे पाहुणे पोचेपर्यंत, राहायचा असतो.